सायकलस्वाराचा दिवा

बंगळुरूच्या पूर्व भागात, कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरम हे उपनगर वसलेले आहे. व्यवहारात ते के. आर. पुरम याच नावाने ओळखले जाते. येथून जवळच असलेल्या दूरवाणीनगरात स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, भारतीय टेलिफोन उद्योगाचा कारखाना उभा राहिला. दूरवाणी म्हणजे टेलिफोन. कारखान्यावरूनच वसाहतीला हे नाव पडले. त्या काळात कामगाराचे वाहन म्हणजे सायकल. पुढे रेल्वेचे डिझेल इंजिनांचे शेड आले, शहराला वळसा घालणारा बाह्यवर्तुळ मार्ग आला, २००३ मध्ये रेल्वेमार्गावरून जाणारा तारांनी तोललेला पूल झाला आणि २०२३ मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली. रस्ते रुंदावले, वाहने वाढली. परंतु सायकल नाहीशी झाली नाही. पहारेकरी, दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवणारी मुले, पाळीवर जाणारे कामगार आणि आवडीने सायकल चालवणारे तरुण या रस्त्यांवरून आजही जातात, आणि त्यांतील अनेकांची वेळ पहाटेची किंवा रात्रीची असते.

विषुववृत्तापासून तेरा अंशांवर असलेल्या या शहरात संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आधीच मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात पुरता अंधार होतो. मुख्य रस्त्यावर दिव्यांचा लखलखाट, तर शेजारच्या गल्लीत एकही दिवा पेटलेला नाही, असा अनुभव येथे वारंवार येतो. अशा वेळी सायकलस्वाराला स्वतःचा दिवा लागतो. विद्युतशास्त्राची प्राथमिक माहिती आणि एक सुट्टीचा दिवस एवढ्या भांडवलावर तो घरी तयार करता येतो. तो कसा करावा, आणि तो तसाच का करावा, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

दिव्याचे काम कोणते?

सायकलच्या पुढच्या दिव्याला दोन कामे करावी लागतात. पहिले, इतरांना सायकलस्वार दिसावा. दुसरे, सायकलस्वाराला रस्ता दिसावा. पहिले काम अगदी मंद दिवाही करतो. दुसरे काम अवघड आहे, आणि त्यासाठी किती प्रकाश लागेल हे साध्या गणिताने ठरवता येते.

समजा, सायकलचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. म्हणजे ती सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर अंतर कापते. समोर खड्डा दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओला असेल तर त्यानंतर थांबण्यास आणखी सहा मीटर लागतात. एकूण अंतर झाले चौदा ते पंधरा मीटर. याचा अर्थ असा की दिव्याने किमान पंधरा, आणि सुरक्षिततेसाठी वीस मीटरपर्यंतचा रस्ता दाखवला पाहिजे. वेग ताशी ३० किलोमीटर झाला तर थांबण्याचे अंतर सव्वीस मीटरांवर जाते; वेग दीडपट, पण अंतर जवळजवळ दुप्पट. दिवा जेवढा रस्ता दाखवतो त्याहून अधिक वेगाने जाणारा माणूस वस्तुतः आंधळेपणानेच जात असतो.

तेल, वायू आणि तार

हा प्रश्न सायकलीइतकाच जुना आहे. प्रारंभीच्या सायकलींवर वातीचे तेलदिवे असत. रस्त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर ज्योत थरथरे, आणि तिचा उजेड रस्ता दाखवण्यापेक्षा स्वाराचे अस्तित्व कळवण्यापुरताच असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅल्शियम कार्बाइडचा दिवा आला. वरच्या टाकीतील पाणी कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळे. उजेड उत्तम, पण राख काढणे आणि नळी साफ करणे ही रोजची कटकट होती.

पुढे डायनॅमो आला. चाकाच्या टायरला टेकून फिरणारी ही बाटलीसारखी छोटी वस्तू ६ व्होल्ट दाबाने ३ वॅट शक्ती देई, त्यातील २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्या दिव्याला मिळत. महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्यातील, जुन्या पिढीला तिची घरघर चांगली आठवत असेल. डायनॅमोला बॅटरी लागत नसे. मात्र चाक थांबले की दिवाही विझे, आणि नेमक्या चौकात उभ्या असलेल्या स्वाराला अंधारात राहावे लागे.

या दिव्यातील खरा दुबळा दुवा होता तो त्यातील बल्ब. बल्बची तार तापून पांढरी होते तेव्हा ती प्रकाश देते, पण तिला दिलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. प्रकाशाचे माप ल्युमेन या एककात करतात. तारेचा छोटा बल्ब एका वॅटमागे साधारण दहा ते पंधरा ल्युमेन देतो. आज बाजारात सहज मिळणारा एलईडी एका वॅटमागे सुमारे शंभर ल्युमेन देतो. घरगुती दिवा शक्य झाला तो या फरकामुळे.

थंड प्रकाशाचे रहस्य

एलईडी म्हणजे प्रकाश उत्सर्जित करणारा डायोड. तो अर्धसंवाहक पदार्थाचा एक बारीक तुकडा असतो. त्याच्या एका थरात इलेक्ट्रॉनांची विपुलता असते, तर दुसऱ्या थरात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा असतात. योग्य दिशेने विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या रिकाम्या जागांत उतरतात आणि उतरताना आपली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने टाकतात. ही पायरी किती उंच आहे यावर प्रकाशाचा रंग ठरतो. तांबड्या प्रकाशासाठी पायरी लहान असते, म्हणून तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्टवर पेटतो. निळ्या प्रकाशाच्या कणात अधिक ऊर्जा असते, म्हणून निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. दिवा बांधणाऱ्याने हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील सर्व हिशोब त्यांवर उभा आहे.

विजेच्या स्पर्शाने कार्बोरंडमचा खडा चमकतो हे हेन्री राउंड या ब्रिटिश अभियंत्याने १९०७ मध्ये नोंदवले होते. परंतु दृश्य तांबडा प्रकाश देणारा व्यवहार्य डायोड १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. निळा रंग मात्र आणखी तीन दशके शास्त्रज्ञांच्या हाती लागला नाही. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने काम करून तो मिळवला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्याला एवढे महत्त्व असण्याचे कारण असे की पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप दिलेला असतो. निळ्याचा काही भाग या लेपात पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासतात. दिवा बंद असताना त्याच्या तोंडावर जो पिवळा ठिपका दिसतो, तो हाच लेप होय.

साहित्य आणि हिशोब

के. आर. पुरमच्या रहिवाशाला हे साहित्य शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शहराच्या जुन्या बाजारपेठेतील सादर पत्रप्पा रस्ता, ज्याला सर्वजण एस. पी. रोड म्हणतात, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून पुढील वस्तू घ्याव्यात: ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला ३ वॅट क्षमतेचा एक पांढरा एलईडी; त्यावर बसणारे सुमारे दहा अंशांचा झोत देणारे प्लास्टिकचे भिंग; पुन्हा भारित करता येणारे निकेल मेटल हायड्राइड जातीचे चार पेन्सिल सेल; ४.७ ओहमचा, २ वॅट क्षमतेचा रोधक, १ अँपिअरचा फ्यूज, एक बटण, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंख्यांसारख्या कडा असलेला, काड्यापेटीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा.

रोधक कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. तारेच्या बल्बला थोडा जास्त दाब दिला तर प्रवाह थोडाच वाढतो, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो. एलईडीचे वागणे नेमके उलटे आहे. ३ व्होल्टच्या आसपास दाब किंचित वाढला की प्रवाह एकदम उसळतो. डायोड तापतो, तापल्यावर आणखी प्रवाह घेतो आणि अखेर जळतो. म्हणून एलईडी थेट बॅटरीला कधीही जोडू नये. रोधक हा त्याच्या वाटेतील पहारेकरी आहे.

हिशोब सोपा आहे. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे चार सेल एकापुढे एक जोडल्यावर ४.८ व्होल्ट मिळतात. त्यांतील सुमारे ३.१ व्होल्ट एलईडी घेतो. उरलेले १.७ व्होल्ट रोधकाच्या वाट्याला येतात. ओहमच्या नियमानुसार १.७ भागिले ४.७ केले की प्रवाह येतो ०.३६ अँपिअर. एलईडीला मिळालेली शक्ती झाली सुमारे १.१ वॅट, आणि तिच्यातून साधारण ११० ल्युमेन प्रकाश मिळतो. सेलची धारणक्षमता २,००० मिलिअँपिअर-तास असेल, तर हा दिवा साडेपाच तास चालेल.

नुकतेच भारित केलेले सेल १.४ व्होल्टपर्यंत दाब देतात. तेव्हा प्रवाह अर्ध्या अँपिअरपर्यंत जातो. ३ वॅटचा एलईडी ०.७ अँपिअरपर्यंत सहन करतो, त्यामुळे त्याला धोका नसतो. मोठ्या क्षमतेचा एलईडी घेऊन त्याला कमी शक्तीवर चालवणे हेच शहाणपणाचे. त्यामुळे तो थंड राहतो आणि दीर्घकाळ टिकतो. उलट, सेल उतरू लागले की दिवा हळूहळू मंदावतो आणि स्वाराला घरी परतण्याची सूचना आपोआप मिळते.

या पद्धतीत एक उणीव आहे, ती लपवण्याचे कारण नाही. बॅटरीच्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग रोधकात उष्णता होऊन जातो. तयार मिळणारे स्थिरप्रवाही मंडल वापरले तर हा तोटा बराच कमी होतो. परंतु पहिला दिवा बांधणाऱ्याने रोधकापासूनच प्रारंभ करावा, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि बिघडलेच तर ते डोळ्यांना दिसते.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले लिथियम सेल स्वस्तात मिळतात, आणि त्यांचा मोह अनेकांना होतो. योग्य संरक्षक मंडलाशिवाय ते अतिभारित झाले किंवा त्यांची टोके एकमेकांना भिडली तर ते पेट घेऊ शकतात. निकेलचे सेल थोडे जड असतात, पण नवशिक्याच्या चुका ते अधिक सहन करतात. मात्र त्यांचीही टोके भिडली तर मोठा प्रवाह वाहून तार लाल होते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

जोडणी

प्रथम एलईडीची चकती आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांच्यामध्ये उष्णतावाहक मलमाचा पातळ थर द्यावा आणि चकती स्क्रूने घट्ट बसवावी. एलईडीचा प्रकाश थंड असतो हे खरे, पण एलईडी स्वतः थंड नसतो. मिळालेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग त्यातही उष्णताच होतो, आणि ती सर्व उष्णता तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान जागेत निर्माण होते. तिला बाहेर वाट मिळाली नाही तर लेप जळतो आणि प्रकाश कायमचा क्षीण होतो. ॲल्युमिनियमच्या कडा वाऱ्यावर उघड्या ठेवाव्यात. सायकल चालत असताना वाराच त्यांना थंड करतो.

त्यानंतर बॅटरी, फ्यूज, बटण, रोधक आणि एलईडी ही माळ एकामागून एक डाखून जोडावी. एलईडीच्या धन आणि ऋण टोकांच्या खुणा पाहून घ्याव्यात. पहिल्या चाचणीसाठी ४.७ ऐवजी ४७ ओहमचा रोधक लावावा. एलईडी मंदपणे पेटला तर जोडणी बरोबर आहे असे समजून खरा रोधक बसवावा. मग मल्टिमीटरने रोधकाच्या दोन टोकांमधील दाब मोजावा, तो १.७ व्होल्टच्या आसपास असेल तर प्रवाह ठीक आहे. चाचणीच्या वेळी दिव्यात थेट पाहू नये.

रोधकही तापतो, म्हणून तो एलईडीपासून दूर ठेवावा. रस्त्यावरील गतिरोधक आणि खड्डे हे डाखकामाचे खरे परीक्षक असतात. तारा सैल ठेवू नयेत, आणि डाखाच्या जागेवर ओढ येणार नाही अशा रीतीने त्या बांधून घ्याव्यात. स्प्रिंगच्या डबीतील सेल हिसक्यासरशी क्षणभर सुटतात आणि दिवा लुकलुकतो. म्हणून डबीभोवती रबरी पट्टा आवळावा. बंगळुरूत सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये जोरदार पाऊस होतो. तेव्हा भिंगाच्या कडेला सिलिकॉनचा लेप द्यावा आणि तार पेटीत खालच्या बाजूने घ्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता खाली गळून पडेल.

झोत कोठे पडावा?

पुष्कळ घरगुती दिवे बांधणीत नव्हे, तर नेम धरण्यात फसतात. वर सांगितलेले भिंग ११० ल्युमेन प्रकाश एका अरुंद झोतात गोळा करते. झोताच्या मध्यभागी त्याची तीव्रता सुमारे दीड हजार कँडेला होते. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश कमी होतो हा नियम लावला, तर दहा मीटरवर १५ लक्स आणि वीस मीटरवर तीन ते चार लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या छोट्या दिव्याची योग्यता कळते.

दिवा हँडलवर, जमिनीपासून एक मीटर उंचीवर बसवला आहे असे धरू. झोताचा मध्य दहा मीटरवर रस्त्याला टेकला पाहिजे. हे घरीच तपासता येते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी. उजेडाच्या वर्तुळाचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटर उंचीवर आला की नेम बरोबर बसला. या स्थितीत झोत सुमारे पावणेसहा अंश खाली झुकलेला असतो. दहा अंशांच्या झोताची वरची कड मध्यापासून पाच अंशांवर असते. म्हणजे तीही क्षितिजरेषेच्या किंचित खालीच राहते आणि वीस मीटरवरचा रस्ता झोतात येतो. भिंगातून बाहेर सांडणारा उजेड अडवण्यासाठी वर पत्र्याचा लहानसा छज्जा लावावा.

हा आग्रह समोरून येणाऱ्यासाठी आहे. मानवी डोळ्याला अंधाराला पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तीव्र झोताचा एक फटका तो सराव क्षणात मोडतो. समोरचा मोटारसायकलस्वार ज्या क्षणी दिपतो त्याच क्षणी तो सायकलस्वारासाठी धोकादायक होतो. जर्मनीसारख्या देशात सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूस कापलेला असावा असा नियमच आहे. पुढचा दिवा लुकलुकता ठेवण्याची हौसही टाळावी, कारण लुकलुकणाऱ्या दिव्याचे अंतर समोरच्याला नीट अजमावता येत नाही.

पावसाळी रात्री आणखी एक अडचण येते. कोरड्या रस्त्याचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि त्यातील काही स्वाराच्या डोळ्यांकडे परततो. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर आरशासारखे काम करतो. दिव्याचा प्रकाश पुढच्या पुढे निघून जातो आणि रस्ता काळाकुट्ट दिसतो. पाण्याने भरलेला खड्डा आणि सपाट डबके यांत मग भेद उरत नाही. यावर दिव्याची शक्ती वाढवणे हा उपाय नव्हे. वेग कमी करणे हाच उपाय.

मागची बाजू

पुढे पांढरा आणि मागे तांबडा हा संकेत जगभर पाळला जातो. वाहन येत आहे की जात आहे हे त्यावरून दुरूनच कळते. मागच्या दिव्यासाठी तांबडा छोटा एलईडी त्याच बॅटरीवर, पण स्वतंत्र रोधकासह जोडता येतो. ४.८ मधून तांबड्याचे २ व्होल्ट वजा केले की २.८ उरतात, १५० ओहमचा रोधक घेतला तर प्रवाह सुमारे १९ मिलिअँपिअर होतो. एवढ्याने बॅटरीवर जाणवण्याजोगा भार पडत नाही. याखेरीज मागे तांबडा परावर्तक आणि पेडलांवर पिवळे परावर्तक असावेतच. त्यांना सेल लागत नाही, आणि तार तुटली तरी ते आपले काम करीत राहतात.

बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे पहिले दिवे ५ ऑगस्ट १९०५ रोजी लागले. त्यांची वीज कावेरीवरील शिवनसमुद्र येथून आली होती. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी शहराच्या कडेच्या वस्त्यांत काळोखी गल्ल्या आहेतच. सायकलस्वाराने आपला दिवा बांधला म्हणून रस्त्यावर दिवे लावण्याची नगरपालनाची जबाबदारी संपत नाही. परंतु गल्लीत दिवा लागेपर्यंत पाळीवर जाणारा माणूस थांबू शकत नाही. चार सेल, एक रोधक आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असा स्फटिक त्याच्यापुढे वीस मीटरचा रस्ता उजळतो. तो दिवा त्याने स्वतः बांधलेला असेल, तर वाटेत कोठे बंद पडल्यास प्रथम काय तपासावे हेही त्याला ठाऊक असते.